अर्धी रेघ अलीकडे

आमची वहिनी दुधाचं पातेलं उचलतानाही श्वास रोखून धरते. नवख्या माणसाला वाटतं, बाईला दमा असावा. दमाबिमा काही नाही, कामाची सवय आहे. ती जिथे काम करते तिथे नुसता सुस्कारा टाकला तरी समोर मांडलेलं हलून जातं. केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा, फायबर म्हणतात त्यांना, चिमट्यानं उचलायच्या, नखाएवढ्या ठोकळ्यावर कोरलेल्या खाचांमध्ये एकीशेजारी एक अशा निजवायच्या, वरून काचेचंच झाकण दाबायचं आणि कडेनं गोंदाचा थेंब सोडायचा. या तारांमधून उजेड पळतो आणि त्या उजेडावर बसून जगभरची बडबड पळते, असं ती सांगते. जगाच्या बडबडीचं मला काडीचं कौतुक नाही. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते, माझ्या गिऱ्हाइकांची बडबड मला पुरून उरते.

मी तिची नणंद. लग्न केलं नाही, माहेरीच राहिले, त्यामुळे वहिनीला माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. तिच्या नवऱ्यानंही नाही. माझा हा थोरला भाऊ बस चालवतो, आणि समोरची काच सोडून दुसरीकडे बघायची त्याला सवयच उरलेली नाही. वहिनी कामावरून आली की आधी दारात थांबते आणि दोन्ही हातांवर चिकटपट्टी दाबून ओढून काढते. तारांचे तुटके कण कातडीवर बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि एकदा आत शिरले की दिवसचे दिवस ठणकतात. मग ती हात धुते, मग चहा. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललेलं असलं तर ते सरळ केल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही. मी एकदा पाहुणे असताना ते मुद्दाम तिरकं करून ठेवलं होतं. बिचारी बोलता बोलता उठली, सरळ करून आली, आणि माझ्याकडे असं बघितलं की पाहुणेच घाबरले.

अशा या बाईनं एक वाईट गोष्ट केली. चोरी नाही, मारामारी नाही. एक वाक्य सांगायचं होतं ते सांगितलं नाही, आणि दुसरं एक, जे बोलायला नको होतं, ते बोलून गेली. तेवढ्यानं घरातल्या एका माणसाचे हात गेले. म्हणजे हात होते जागच्या जागी, पण त्यांच्यावरचा त्या माणसाचाच विश्वास उडाला. तो परत द्यायचा तर एकटी वहिनीच देऊ शकत होती, आणि ती मूग गिळून बसली होती.

हात गेले ते धाकटीचे. माझ्या धाकट्या भावाची बायको, म्हणून आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो. ती लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या बोटात मोडलेलं सुईचं टोक तिनं असं काढलं की मला कळलंही नाही. तेव्हापासून घरातली आणि गल्लीतली सगळी कुसळं तिच्याकडे. वहिनीच्या बोटात काचेचं कुसळ गेलं की धाकटी माझं भिंग घ्यायची, माझी सगळ्यात बारीक सुई घ्यायची आणि म्हणायची, "खिडकीबाहेर बघा, ताई." वहिनी खिडकीबाहेर काय चाललंय ते बघेपर्यंत कुसळ बाहेर आलेलं असायचं. वहिनीला जाऊबाई म्हणायला धाकटीच्या जिवावर यायचं. मला मोठी बहीण नाही, ती जागा रिकामीच आहे, म्हणून ताई, असं तिचं म्हणणं होतं. वहिनीला ते फार आवडायचं. तोंडानं कबूल करायची नाही, पण हाक आली की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

धाकटीला कंपनीत वहिनीनंच नेलं. असे हात बटाटे सोलण्यात वाया जातायत, म्हणाली. सुपरवायझरशी बोलली, आपल्या शेजारची जागा मागून घेतली. शिकवायचं कामही वहिनीकडेच आलं.

त्या खोलीत मी एकदाच गेले आहे, काचेपलीकडून बघायला. सगळे दिवे पिवळे. साध्या उजेडात गोंद आपोआप घट्ट व्हायला लागतो, म्हणून पिवळे. आत बसलेल्या सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसत होती. ठोकळ्यात तारा बसवून झाल्या की तो ठोकळा एका चिपसमोर आणायचा, इतका नेमका, की प्रत्येक तारेतला उजेड समोरच्या आपापल्या वाटेत शिरला पाहिजे. त्यासाठी बारीक रेघांच्या चकत्या असतात, त्या बोटांच्या टोकांनी फिरवायच्या. शेजारच्या मीटरवर आकडा चढत जातो. सगळ्यात जास्त उजेड जिथे मिळेल तिथे थांबायचं, गोंदावर किरणांचा दिवा मारायचा, ठोकळा तिथेच कायमचा पक्का. मग तो रात्रभर गरम कपाटात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उजेड मोजतात. याला ते सकाळचं माप म्हणतात. संध्याकाळी कितीही चांगला आकडा येऊ दे, खरं ते सकाळचं माप.

आता यातली गोम अशी. गोंद वाळताना आटतो, आणि आटताना ठोकळ्याला आपल्याकडे ओढतो. अगदी जरासा, पण या कामात जरासंच सगळं असतं. म्हणून जाणती बाई सगळ्यात जास्त उजेडावर थांबतच नाही. ती अर्धी रेघ अलीकडे थांबते. त्या वेळी मीटरवरचा आकडा पडलेला दिसतो, बघणाऱ्याला वाटतं चुकलं. रात्री गोंद ओढतो आणि सकाळी ठोकळा बरोबर जागेवर येऊन बसलेला असतो. भिंतीवर लावलेल्या सूचनांत हे नाही. वहिनीला हे एका म्हाताऱ्या कारागिरानं सांगितलं होतं. त्याला सगळे आजोबा म्हणत. ती कामाला लागली त्याच आठवड्यात, जेवणाचा डबा उघडता उघडता, तिनं विचारलेलं नसताना त्यानं सांगून टाकलं होतं. आजोबा पुढे निवृत्त झाले. मग हे जाणणारी त्या खोलीत एकटी वहिनी उरली, आणि तिची सकाळची मापं कधी चुकत नाहीत म्हणून तिचं नाव झालं.

धाकटीनं चिमटा हातात धरला त्या दिवशी सुपरवायझर तिच्या मागे उभा राहिला, भिंगातून बघितलं आणि वहिनीला म्हणाला, या तर तुमच्यापेक्षा सरळ मांडतात. थट्टेनंच म्हणाला. वहिनीही हसली. पण ते कुठेतरी लागलं. घरी येऊन तिनं कॅलेंडर सरळ केलं नाही, ते माझ्या लक्षात आहे, कारण त्या दिवशी ते मी तिरकं केलेलं नव्हतं, आपलं आपण कललं होतं.

अर्ध्या रेघेचं उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही उद्या सांगू असंच ठरवलं. हे सगळं तिनं मला पुढे सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. सांगायचंच नाही असं माझ्या मनात कधीच नव्हतं गं, म्हणाली, फक्त एकदा तिचं माप चुकू दे, एकदा तिला माझ्याकडे येऊन विचारू दे, मग सांगीन. माप चुकलं. धाकटी विचारायलाही आली. तेव्हा वहिनी म्हणाली, सवयीनं येईल. आणि त्यानंतर सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगायला हवं होतं.

धाकटीची संध्याकाळची मापं सुरेख आणि सकाळची सगळी घसरलेली. ती डोळ्यांत तेल घालून मीटर बघायची, सगळ्यात मोठ्या आकड्यावर थांबायची, भिंतीवर लिहिल्याप्रमाणे एकेक गोष्ट करायची. जितकी नेमकी थांबायची तितकी नेमकी चुकायची. शेवटी तिची शिकाऊ मुदत संपत आली. सुपरवायझरनं दोघींना बोलावलं आणि वहिनीला विचारलं, तुम्ही शिकवलंय, तुमचं काय मत? धाकटी शेजारीच उभी होती.

"हात जरा जड आहे," वहिनी म्हणाली.

धाकटीला काढलं नाही, पॅकिंगला जा म्हणाले. ती गेली नाही. घरी बसली, मग माझ्या खोलीत येऊन बसायला लागली. मला मदतीला माणूस हवंच होतं, पण हे माणूस निराळंच होतं. चहा गाळायला सांगितला तर गाळणी माझ्याकडे द्यायची. काचेचा पेला दोन्ही हातांनी धरायची. सुईत दोरा तुम्हीच ओवा म्हणायची. मी चिडायची, माझ्या नाकावर राग असतोच. तिला म्हटलं, कालपर्यंत गल्लीची कुसळं काढणारी तू, तुला काय धाड भरलीय? ती म्हणाली, तेव्हा कुणी मोजून बघितलं नव्हतं ना.

आणि वहिनी धाकटीचं सगळं करायला लागली. तिच्या वाटणीची भांडी घास, तिला आधी वाढ, तिच्या अंगावर शाल टाक. धाकटी म्हणायची, ताई, किती करता माझ्यासाठी. वहिनी मोरीकडे निघून जायची. मला वाटलं, दया येते बिचारीला. मी कपड्यांची मापं बरोबर घेते, माणसांच्या बाबतीत माझा अंदाज चुकतो.

एक दिवस वहिनी कामावरून आली ती बोट धरूनच. काचेचं कुसळ खोल गेलं होतं. सवयीनं धाकटीसमोर जाऊन बसली आणि हात पुढे केला. धाकटीनं भिंग उचललं, बोटाकडे बघितलं, आणि भिंग खाली ठेवलं.

"नको, ताई," ती म्हणाली. "माझा हात जड आहे."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला कळला असता, त्या विषयात मला कुणी शिकवायला नको. तिला खरोखरच तसं वाटत होतं, वहिनीला दुखेल याची तिला काळजी होती. मग मीच सुई घेतली, कुसळ निम्मं मोडलं, निम्मं आत राहिलं. बोट सुजलं. वहिनी त्याला औषध लावायला तयार होईना. थोरला भाऊसुद्धा म्हणाला, डॉक्टरकडे जा, म्हणजे बघा किती सुजलं असेल. ठणकू दे, म्हणाली. तिला त्या ठणक्याची गरज होती हे मला तेव्हा समजलं नाही.

त्यानंतर एका सुटीच्या दुपारी मी एका हॉटेलचे पडदे कापत होते. धाकटी खडूनं रेघा मारत होती. वहिनी दारातल्या खुर्चीवर बसून उशांच्या तयार गिलाफांच्या घड्या घालत होती, काठाला काठ जुळवून, तिच्या पद्धतीनं. मी मापापेक्षा लांब रेघ मारायला सांगितली तेव्हा धाकटी म्हणाली, खिडकी तर एवढी लांब नाहीये. मी म्हटलं, हे कापड पहिल्या धुण्यात आटतं. आज बरोबर कापलं तर उद्या तोकडं पडेल. म्हणून आज चुकीचं दिसेल असंच कापायचं.

धाकटीचा खडू थांबला. ती कापडाकडे बघत राहिली. मला वाटलं, रेघ वाकडी गेली. मग ती दाराकडे वळली.

"ताई, गोंद वाळताना आटतो का हो?"

वहिनीच्या मांडीवर गिलाफ होता. तिनं श्वास रोखलेला मला दिसला. मला काय ठाऊक, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. धाकटीनं विश्वास ठेवला असता, मीही ठेवला असता, आणि पडदे पुढे कापले गेले असते.

"आटतो," वहिनी म्हणाली.

"मग तुम्ही काय करता?"

"अर्धी रेघ अलीकडे थांबते."

धाकटीनं मान हलवली. मनातल्या मनात चकती फिरवून बघत असावी. तिचा अंगठा तर्जनीवर घासला जात होता. आपल्या त्या सगळ्या घसरलेल्या सकाळी तिनं एकेक करून आठवल्या असतील. मग तिनं विचारलं, आणि इतक्या हळू विचारलं की वहिनीला सुटायला दारच उघडून दिलं.

"मला सांगायचं राहून गेलं का?"

हो म्हणायची सोय होती. माणसाच्या हातून राहून जातं. मी मनातून म्हणत होते, हो म्हण बाई, मिटव एकदाचं. वहिनीनं घडी बाजूला ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "राहून नाही गेलं. तुझा हात जडही नव्हता. मला माहीत होतं."

धाकटी रडली नाही, ओरडली नाही. तिनं खडू उचलला आणि उरलेल्या रेघा मारून टाकल्या. सगळ्या सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कंपनीत गेली ती तडक सुपरवायझरसमोर. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. आजोबांनी तिला कसं विचारल्याशिवाय सांगितलं होतं, तेसुद्धा. तो तिच्यावर चिडला आणि चिडायलाच हवं होतं. शिकवण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं. धाकटीला पुन्हा संधी देतो म्हणाला.

पण धाकटी जायला तयार होईना. वहिनी खरं बोलली हे तिला पटलं होतं, पण पटलेलं हातांपर्यंत पोचत नव्हतं. जड हाताची सवय लागली होती तिला. धाकटा भाऊ समजावून थकला. शेवटी मीच उठले. मुंज्यासारखी तिच्या मानगुटीवर बसले म्हणा ना. मी ओवून दिलेल्या सुईनं तिनं आतापर्यंत माझ्याकडे टाके घातलेले कोट आणि झगे तिच्या पुढ्यात टाकले आणि म्हटलं, यातला एक टाका बाहेरून दाखव. तिनं उलटसुलट करून बघितलं. सापडेना. मी म्हटलं, गिऱ्हाइकं मला विचारतात हे कुणी केलं, आणि मी लबाड बाई, मीच केलं म्हणून सांगते. आता जातेस, की आणखी फुकटचं नाव मिळवू? तेव्हा ती जरा हसली. बऱ्याच दिवसांनी.

कंपनीत परतल्यावर तिनं पहिला ठोकळा बसवला तेव्हा वहिनी त्याच खोलीत, पण लांबच्या टेबलावर होती. सकाळचं माप घ्यायच्या वेळी ती हातातलं काम सोडून उभी राहिली. आकडा वाचला गेला. बरोबर होता. वहिनी सांगते, त्या क्षणी तिला धाकटीला मिठी मारावीशी वाटली आणि कुठल्या तोंडानं मारू, असंही वाटलं. ती खाली बसली आणि आपल्या तारा पुसायला लागली.

आता धाकटीची मापं वहिनीइतकीच चांगली येतात, काही तर जास्त. अलीकडे तिच्या हाताखाली एक नवी बाई आली आहे. पहिल्या दिवशी धाकटीनं तिच्या हातात चिमटाही दिला नव्हता, त्याआधी चकतीसमोर बसवलं आणि अर्ध्या रेघेचं सांगितलं. मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. नव्या बाईनं विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? धाकटी म्हणाली, आमच्या जाऊबाईंनी.

वहिनी घरी येऊन माझ्या मशीनशेजारी बसली. चिकटपट्टी लावायची विसरली होती. तिनं माझंच नाव सांगितलं गं, म्हणाली, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, आणि ताई? वहिनी म्हणाली, तुला आत्ता कळलं होय. त्या पडद्यांच्या दुपारनंतर एकदाही नाही.

मग मला आठवत गेलं. धाकटी वहिनीशी बोलते, जेवण वाढते, बसमधून तिच्याच शेजारी बसून येते. कुठे काही कमी नाही. नात्यानं जाऊबाईच की ती, चूक काढायला जागाच नाही.

परवा वहिनीच्या बोटात पुन्हा कुसळ गेलं. ती आल्या आल्या माझ्याकडे आली. मी म्हटलं, माझ्याकडून पुन्हा मोडेल, तिच्याकडे जा. वहिनी दारातच घुटमळली. धाकटीनं तिला बघितलं, हातातलं काम ठेवलं, भिंग पुसलं, सुई निवडली आणि समोरची खुर्ची पुढे ओढली.

"खिडकीबाहेर बघा, जाऊबाई."

वहिनीनं बाहेर बघितलं नाही. ती धाकटीच्या हातांकडे बघत होती. पूर्वीसारखेच हलके हात, पूर्वीसारखंच कळायच्या आत झालेलं काम. धाकटीनं कुसळ चिकटपट्टीवर टिपून दाखवलं. वहिनी बोट दाबत राहिली आणि म्हणाली, अजून दुखतंय गं, काहीतरी राहिलंय आत. धाकटीनं तिचा हात पुन्हा उजेडात धरला आणि भिंगातून नीट, सावकाश बघितलं. आत काही नव्हतं.